गोऱ्यांचा उकिरडा

लढाई संपली त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. साल एकोणीसशे शेहेचाळीस. पण कोंडपाड्यातली माणसं त्या सालाला आकड्यानं ओळखत नाहीत. 'बेडूक गप झाले ते साल' असं म्हणतात.

गावाच्या वर माळ आहे. त्या माळावर तीन वर्षं गोऱ्यांच्या पलटणीचा तळ होता. तंबू होते, खेचरं होती, दिवसभर धडधडणारी एंजिनं होती. होळीच्या आधी सगळं लॉऱ्यांत चढलं आणि कर्जतच्या वाटेला लागलं. मागं राहिला माळाच्या टोकाचा खड्डा, चार घरं मावतील एवढा. तीन वर्षांची घाण त्यात लोटली होती: पत्र्याचे डबे, औषधांच्या बाटल्या, काळं तेल, मेलेली खेचरं, पिवळं पाणी गळणारी पिंपं. वरून मातीचा थर ओढला होता, तोही वीतभरच. खड्ड्यातलं पाणी पावसात खाली गावाकडं उतरू नये म्हणून सोजिरांनी त्याच्या तोंडाशी चर खणला होता. चराला बांध होता आणि तो चर माळाच्या कडेकडेनं पलीकडच्या जुन्या दगडखाणीत जात होता. खाणीचा तळ अखंड कातळाचा. तिथं गेलेलं पाणी तिथंच राही.

शेवटची लॉरी सुटायच्या आधी एक पगडीवाला हवालदार खाली आला. माळाला लागून येसाजीचं शेत, म्हणून तो येसाजीच्या अंगणात उभा राहिला. येसाजीची सून भागू तेव्हा दाराआड भात पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं.

"ये पानी खराब है, बाबा. नाली मत तोडना," हवालदार म्हणाला. मग खड्ड्याकडं हात करून त्यानं विचारलं, "इसको क्या बोलते हो तुम लोग?"

"उकिरडा," येसाजी म्हणाला.

"हां, उकिरडा. हाथ मत लगाना."

आपला निरोप पोचला म्हणून हवालदार समाधानानं लॉरीत चढला. घोटाळा झाला तो तिथंच. उकिरडा म्हटलं की येसाजीच्या डोळ्यांपुढं घाण येत नसे, भात येई. त्या काळी लेकीला स्थळ बघायला गेलेली माणसं घराआधी उकिरडा बघत. ज्याचा उकिरडा मोठा त्याची गुरं जास्त, त्याचं भाताचं खाचर काळंभोर. पावसात उकिरड्यावरून वाहणारं काळं पाणी कुणाच्या शेतात जावं यावरून सख्खे भाऊ कोयते काढत.

"खराब म्हनं!" येसाजी सुनेला म्हणाला. "हजार मानसं तीन साल खाऊनपिऊन गेली, त्येंचा उकिरडा हाय तो. आनि त्याचं पानी खाणीत सोडत्यात. ह्येंना शेती काय ठावं?"

भागू एकोणीस वर्षांची होती. सासू नव्हती. नवरा सदू घाटात ठाकुरवाडीला रेल्वेच्या गँगवर, शनिवारी घरी येई. घरात ती आणि सासरा, आणि सासऱ्यापुढं मान वर करायची तिला सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मामंजी, तो हवालदार बोलला व्हता..."

"हवालदार गेला पंजाबात."

आषाढ लागला. एका सकाळी, झिमझिम चालू असताना, येसाजी कुदळ खांद्यावर टाकून माळाच्या कडेला गेला. घमेलं घेऊन भागू मागून. त्यानं चराचा बांध नेमका आपल्या थोरल्या खाचराच्या डोक्यावर फोडला. आठ-दहा घाव घातले असतील. भागूनं माती बाजूला ओढली. पाणी आलं ते काळं, त्यावर तेलाची साय. वास शेणाचा नव्हता. इस्पितळाचा होता, आणि त्याखाली आणखी काहीतरी कुजकं. भागूनं पदर नाकाला लावला.

"नाक काय धरतेस? भाताला इचार वास कसा वाटतो त्यो," येसाजी हसला.

लावणीला कातळवाडीची मंगळी आली. कातळवाडी म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाची ठाकरांची वस्ती, वीस झोपड्यांची. मंगळी आणि तिचा नवरा पोशा दर साली येसाजीकडं लावणीला येत. मंगळीचा हात असा चाले की ती वाकली की शेत हिरवं होत मागं सरके. तोंडही तसंच चाले.

"भागू, तुझ्या सासऱ्यानं शेतात फिनेल वतलंय का गं? रोपं बाळंत व्हायची हायत का?"

भागू हसली. पाण्याखाली तिच्या पोटऱ्या चुरचुरत होत्या.

चौथ्या दिवशी दोघींच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटली. ते नवल नव्हतं. लावणीत चिखल्या होतातच, मेंदी वाटून लावली की बसतात. भागूनं मेंदी लावली. बसल्या नाहीत. नखांच्या मुळाशी काळं धरलं. येसाजीचे पाय तर घोट्यापर्यंत सोलले, पण तो चुलीपाशी बसून राख लावी.

खाचर मात्र पंधरा दिवसांत असं तरारलं की वाटसरू थांबू लागले. शेजारचा कोंडाजी, गावचा पाटील, बांधावर उभा राहून म्हणाला, "येसाजी, काय घातलंस रं?"

"देवाची दया."

"देव तुज्याच बांधावर हगला वाटतं."

येसाजीला ते बोलणं दिवसभर पुरलं.

भागूला पहिली भीती वाटली ती एका संध्याकाळी, दिवा लावताना. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळेना. तिनं वात सारखी केली, दारात आली, उभी राहिली. पाऊस होता. ओढ्याचा आवाज होता. कोंडाजीच्या शेतात बेडकांनी रान उठवलं होतं. त्यांच्या थोरल्या खाचरात मात्र एकही बेडूक ओरडत नव्हता. एवढं मोठं शेत, पाण्यानं भरलेलं, आणि मुकं.

सकाळी ती बांधावर गेली. बांधावरून मुठे चालले होते. शेतातले लहान खेकडे बिळं सोडून, एकामागून एक, कोरड्या वाटेवर. मुठ्यानं पाणी सोडून भर पावसात वाट धरलेली तिनं कधी पाहिली नव्हती. काहींचे पाय गळाले होते. ते तिथंच फेस काढत बसले होते.

समोरून मंगळी टोपली घेऊन आली आणि आनंदानं ओरडली, "अगं बया, हे तर आपसूक ताटात आलं!" भराभर वेचू लागली.

"मंगळी, नको घेऊ."

"का? तुझ्या सासऱ्याचं नाव लिवलंय व्हय पाठीवर?"

भागूनं तोंड उघडलं. काय सांगणार? सासऱ्यानं बांध फोडला हे घराबाहेर सांगायचं? ती म्हणाली, "मेलेले हायत काही."

"मेलेले टाकीन." मंगळीनं टोपली भरली आणि गेली. तिच्या पाठीकडं बघत भागू उभी राहिली.

थोरल्या खाचराच्या खालच्या बांधाला लागून आसरांचा झरा. पाण्यातल्या साती आसरा देवींचे शेंदूर लावलेले सात गोटे, त्यांच्या पायाशी हातभर कुंड. गावची खालची आळी आणि सगळी कातळवाडी तिथंच पाणी भरी. आठवड्यानं त्या कुंडावर रंग दिसू लागले. मोराच्या पिसासारखे. बायका कळशी बुडवायच्या आधी हातानं ते बाजूला सारत.

मग वाडीत माणसं पडायला लागली. जुलाब, उलटी, जिभेला काटे. पोशाची आई चिमा उठेना झाली. दोन शेळ्या मेल्या. कोंडाजीच्या म्हशीनं दूध चोरलं. वाघ्या भगतानं चिमाच्या झोपडीत सूप फिरवून तांदूळ पाहिले आणि सांगितलं, "आसरा कोपल्या. कुना बाईनं इटाळानं पानी बाटवलंय. पायातनं रगत गळत व्हतं तिच्या."

पायातून रक्त कुणाच्या गळत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. झऱ्यावर पाय धुताना मंगळीला दहा जणींनी पाहिलं होतं. भागूही तिच्यासोबत धूत होती. पण भागू येसाजीची सून, आणि मंगळी ठाकरीण. बोट कुणाकडं वळणार ते ठरलेलंच.

मंगळीला झऱ्यावर बंदी झाली. ती अर्ध्या कोसावरच्या नदीचं पाणी आणू लागली. पाय फडक्यात गुंडाळून, डोक्यावर मडकं. आणि झालं काय, सगळी वाडी आजारी आणि एकटी मंगळी बरी. नीट जेवे, पायही भरू लागले. तशी कुजबुज चालू झाली. सगळ्यांना धरलं आणि हिला नाही. म्हणजे हिनंच केलं.

भगत म्हणाला, "आवसेला आसरांपुढं तेल तापवू. तेलात हात घालंल. खरी असंल तर भाजायची नाय."

तेव्हा आवस तीन दिवसांवर होती.

भागू त्या दिवशी भात निवडत होती. तिला भाताच्या जागी मंगळीचा हात दिसे. चिखलात रोप खोचून निघणारा, काळा, चपळ. ती उठून गोठ्यात गेली. येसाजी दावं वळत बसला होता.

"मामंजी, चराचा बांध परत घालू या. झऱ्यावर सांगू या."

"काय सांगनार?"

"पानी आपन आनलं ते."

येसाजीनं दाव्याचा पीळ हातात धरूनच वर पाहिलं. "गावानं थुंकावं म्हनतेस माज्यावर? पाटलासमोर उभा ऱ्हाऊन म्हनू, मी वाडी मारली? आगं, भात बघ! इख असतं तर असं भात आलं असतं?"

भागूनं भात पाहिलं होतं. सकाळीच. पानांची टोकं तांबडी पडायला लागली होती, जणू कुणी निखारा फिरवला होता. येसाजीनंही पाहिलं असणार. तो पहाटे उठून बांधावर जाई आणि परत येऊन तोंड फिरवून बसे.

"तोंड शीव," तो म्हणाला. "सदूला सांगितलंस तर माहेरची वाट धर."

दोन दिवस ती गप्प राहिली. घरी पाणी ती कोंडाजीच्या आडावरून आणत होती, झऱ्यावरून नाही. येसाजीनं का म्हणून एकदाही विचारलं नाही. त्यावरून तिला कळलं की तो जाणतो.

आवसेच्या आदल्या दुपारी तिनं येसाजीचं ताट वाढलं. भाकर, सुक्या बोंबलाची चटणी. मग तांब्या घेऊन ती मागल्या दारानं थोरल्या खाचरात गेली, तांब्या बुडवून भरला, आणि आणून ताटाशेजारी ठेवला.

येसाजीनं दोन घास खाल्ले आणि सवयीनं तांब्या उचलला. तोंडाशी नेला. थांबला. वास आला होता.

"कुटलं पानी हे?"

"आपल्या शेताचं." भागूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराची चौकट धरली. "उकिरड्याचं पानी, मामंजी. इख नाय म्हनता ना? प्या. तुमी प्यालात तर मी बी पीन, आनि कुनाला काय बोलनार नाय."

तो आता तांब्या फेकून मारेल असं तिला वाटलं. डोळे मिटून ती उभी राहिली. मारण्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा येसाजी तांब्या दोन्ही हातांत धरून आत बघत होता, विहिरीत बघावं तसा. वर तेलाची साय फिरत होती. तांब्या त्यानं सावकाश खाली ठेवला. ताट अर्धंच टाकून उठला, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि भर पावसात माळाकडं गेला. संध्याकाळपर्यंत चराचा बांध त्यानं एकट्यानं पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर माणसं जमली. इरली डोक्यावर घेऊन बायका एका बाजूला. तीन दगडांवर कढई, वर पत्रा आडवा धरून पोरांनी जाळ राखला होता. मंगळी उकिडवी बसली होती. पोशा तिच्यामागं उभा, मान खाली. बायकोच्या बाजूनं बोलावं तर आई आजारी, न बोलावं तर ही.

येसाजी आला. पायाला फडकी, हातात कुदळ. मागं भागू.

"त्याल उतरवा," तो म्हणाला.

"येसाजी, हा देवाचा कारभार हाय," वाघ्या भगत म्हणाला.

"आसरा नाय कोपल्या." येसाजीचा आवाज एवढा बारीक निघाला की कोंडाजी पाटलानं 'आं?' केलं. मग तो मोठ्यानं म्हणाला, "गोऱ्यांचं पानी मी आनलं माज्या शेतात. बांध मी फोडला. माज्या बांधाखालनं ते इथं झिरपतंय. हिच्या पायाला झालं ते माज्या शेतात झालं. हे बघा." आणि सगळ्यांसमोर चिखलात बसून त्यानं पायांची फडकी सोडली. नडगीपर्यंत मांस उघडं होतं. बायकांनी तोंडं फिरवली.

कुणीतरी कढई उतरवली. मंगळी उठली. येसाजीच्या पाया पडली नाही की त्याला शिवी दिली नाही.

"कवा कळलं तुला?" तिनं विचारलं.

येसाजी फडकी पुन्हा गुंडाळू लागला. तिनं मान वळवली.

"आनि तुला, भागू? मुठं वेचलं त्या दिशी?"

भागूनं होय म्हणून मान हलवली.

"ते माजी पोरं खात व्हती," मंगळी म्हणाली. एवढंच. त्या पाच शब्दांनी भागूला जे झालं ते तेलानं झालं नसतं.

पण बोलत बसायला वेळ नव्हता. वरचा बांध पुन्हा घातला तरी खाचर काळ्या पाण्यानं भरलेलं होतंच. बांधाची मोरी उघडून पाणी सोडावं तर ते ओढ्यानं थेट वाडीत. ठेवावं तर झऱ्यात झिरपणार, आणि मोठा पाऊस आला की खालचा बांध फुटून दोन्ही होणार. पोशानं तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. "खाणीत न्या. गोऱ्यांनी न्हेलं व्हतं तसं."

खाचर खाली, खाण वर. पाणी वाहून न्यायलाच हवं होतं. तळावरचे पत्र्याचे रिकामे डबे घरोघरी होते, माणसांनी कौतुकानं आणून ठेवलेले. ते निघाले. कावडी निघाल्या. ज्यांचं पोट बरं होतं ती सगळी चढावर लागली. दोन डबे, चढ, रिकामे करा, उतार. काहींनी झरा आणि खाचर यांच्यामध्ये आडवा चर खणला आणि चिकणमाती तुडवून त्याची भिंत घातली. मंगळी माती तुडवायला उतरायला निघाली तेव्हा भागूनं तिला हातानं मागं सारलं आणि आपण उतरली. मंगळीनं ते पाहिलं आणि ती बांधावर जाऊन बसली.

दुपारी घाटाकडून आभाळ खाली आलं. असा पाऊस आला की वरच्या माणसाला खालचा दिसेना. डब्यांनी जेवढं काढलं त्याच्या दुप्पट आभाळानं भरलं. पाणी खालच्या बांधाच्या कडेला आलं. मग भागूच्या पायाखाली बांध हलला. जनावर श्वास घेतं तसा. मधोमध दीड हाताची माती बसली आणि काळी धार झऱ्याच्या दिशेनं सुटली.

"माती टाका!"

माती टाकली. गेली. दगड टाकले. त्यांच्या फटींतून पाणी आलं. पोशानं अंगावरचं घोंगडं कोंबलं, ते पाण्यानं ओढून नेलं. धार मनगटाएवढी होती ती मांडीएवढी झाली. खाली सात शेंदरी गोटे आणि त्यांच्याखाली वाडी.

येसाजी खाचरात उभा होता. गुडघ्याएवढ्या पाण्यात, भाताच्या मधोमध. टोकं तांबडी झाली असली तरी बुडखे हिरवे होते. पदरात काही ना काही पडलं असतं. त्यानं एकदा सगळ्या शेतावरून नजर फिरवली.

"भात उपटा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. उभं भात उपटायचं म्हणजे गाय मारण्यासारखं. कोंडाजी म्हणाला, "येसाजी, डोकं फिरलं काय रं?"

येसाजी वाकला आणि दोन्ही हातांनी चूड उपटली, मुळांच्या मातीच्या गोळ्यासकट, आणि भेगेत खोचली. भागू उतरली. मग पोशा. मग लावणीला होती ती सगळी बायामाणसं. जिथं एकेक रोप खोचलं होतं तिथून मुठीमुठीनं ओढत, पेंढ्या बांधत, चिकणमातीत लोळवून भेगेत कोंबत राहिली. भाताच्या मुळांनी मातीला धरलं. मातीनं दगडांना धरलं. मंगळी बांधावर बसून पेंढ्या हातात घेई आणि खोची. लावणीसारखाच तिचा हात चालत होता, नेटका, एकही वाकडी नाही. तिन्हीसांजेला धार बोटाएवढी झाली, मग थांबली. थोरलं खाचर अर्धं टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. पाऊस चालूच होता.

पुढं आठ दिवस कावडी चालल्या. मग पाणी हटलं.

त्यानंतर चिमा म्हातारी पंधरा दिवस जगली. वाडीतली दोन लहान पोरंही गेली. मंगळीची वाचली. वाघ्या भगत त्या सालानंतर वाडीत सूप फिरवायला आला नाही, खालापूरच्या बाजूला कुठंसा गेला असं म्हणत. कोंडाजी पाटलानं आपला आड वाडीला उघडा केला. पहिल्यांदा कुरकुरत, मग सवयीनं. सदूनं गँगवरची माणसं आणून खाणीच्या तोंडाला दगडी बांध घातला. पुढं तो मुकादम झाला आणि घाटातच एका पावसाळ्यात दरड अंगावर येऊन गेला.

येसाजीचे पाय भरले नाहीत. चार वर्षं काठी घेऊन चालला. थोरलं खाचर पुन्हा कसलं नाही, त्यात कुणाला गुरंही सोडू दिली नाहीत. घरच्या शेणाच्या ढिगाला तो 'खत' म्हणे. उकिरडा हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. येसाजी वारला त्या उन्हाळ्यात पोशा कर्जतच्या खडी फोडायच्या कामावर गेला. मंगळी वाडीतच राहिली. लावणीला येई, दुसऱ्यांच्या शेतात. भागूशी ती बोले, पण त्या आधीच्यासारखी थट्टा तिनं कधी केली नाही. भागूनं ती थट्टा सगळ्या जन्मात फार आठवली.

पाचव्या पावसाळ्यात, एका संध्याकाळी दिवा लावताना, भागूला ऐकू आलं. थोरल्या खाचरातून. एक बेडूक. थांबून थांबून, विचारत असल्यासारखा. ती तशीच उठली आणि इरलं डोक्यावर घेऊन ओढ्याच्या कडेनं धावत कातळवाडीत गेली. मंगळी चुलीपुढं होती.

"मंगळी, बेडूक वरडला गं! आमच्या शेतात!"

मंगळीनं फुंकणी खाली ठेवली.

"किती?"

"एक."

"मग आजून झऱ्याचं पिऊ नको," मंगळी म्हणाली, आणि आपल्या घरचं पाणी तिच्या पुढं केलं.